रिकाम्या काट्याचं वजन

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. जिनिंगमध्ये दिवसभर काम केलं की कापसाचे तंतू खांद्यावर कधी येऊन बसतात ते कळत नाही, घरी गेल्यावर बायको दाखवते. आमचे किस्सेही तसेच साचले. बोरगाव मेघेतल्या आमच्या वर्कशॉपात आम्ही चौघंच. मालक बंडूभाऊ, डिझाइन करणारी वैशाली, सोल्डरिंगवाल्या शांताबाई आणि वायरिंगवाला मी. जेवणानंतर टेकलो की मला स्वप्न पडलंच म्हणून समजा! आम्ही वजनकाट्यांचे डिस्प्ले बनवतो.

*

एका जिनिंगमध्ये काट्यापासून ऑफिसातल्या डिस्प्लेपर्यंत आम्ही दोन तारा टाकल्या होत्या. एकीतून वजनाचे एक आणि शून्य जायचे. दुसरीतून क्लॉक, म्हणजे "आता वाच, आता वाच" असा ठेका. पण जिनिंगची मोटर सुरू झाली की क्लॉकच्या तारेत एक ठोका जास्तीचा घुसायचा. आकडे एक घर सरकायचे, आणि एक-शून्याच्या हिशेबात एक घर म्हणजे दुप्पट, म्हणून वजन बरोब्बर दुप्पट दिसायचं!

बंडूभाऊ डोकं धरून बसले. कापसाची बैलबंडी घेऊन आलेला शेतकरी मात्र जाम खूश. "भाऊ, याले काऊन हात लावता? हाच काटा राहू द्या ना!"

*

वैशाली म्हणाली, "क्लॉकची तारच काढून टाकू. ठेका डेटातच मिसळू." एकाचं शून्य किंवा शून्याचं एक होताना तारेवर उडी पडते. त्या उडीवरून पलीकडचा बोर्ड आपली मोजणी जुळवून घेणार.

बंडूभाऊ म्हणाले, "जमलं त तुहा टेबल राहीन, पोरी. नाई जमलं त मी बजारातून तयार बोर्ड आणतो, मंग डिझाइनवाली कायले पाहिजे?"

तेव्हा तिच्या बॅगेत पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिला जायचं नव्हतं, कारण आई गेल्यापासून वडील अल्लीपूरला एकटेच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माही फिकीर नको करू. जाजो." झालं. फोन ठेवला.

*

शांताबाईंना वाटलं होतं, हे आपल्याला काही कळायचं नाही. वैशालीने फळ्यावर काढून सांगितलं ते ऐकून घेतलं आणि हसायलाच लागल्या.

"अवो, एका उखळात दोघी जणी कांडतो, तवा कोन मोजत बसते? तिच्या घावावरून आपला घाव. इतकंच सांगाले तू एवढी चित्रं काढून राह्यली व्हय?"

वैशालीने फळा पुसून टाकला.

*

जिनिंगच्या शेठजींना मात्र पटेना. ते तार हातात धरून उभे. "पहिले दोन तारा होत्या, आता एकच? आज तार वाचवली, उद्या माह्या कापसातून वाचवसान!"

*

दुपारी स्कोपच्या, म्हणजे तारेतल्या उड्या दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हिरवी रेघ चालू असायची. वैशालीने मला त्याच्या तारेचं टोक बोर्डावर धरायला दिलं आणि माझी लागली तंद्री. ती रेघ पडद्यातून निघाली, बोरगाव सोडून तुरीच्या शेतांवरून उड्या मारत लांब गेली. मी तिच्या मागे मागे, चप्पल हातात घेऊन. फार बरं वाटत होतं. जागा झालो तेव्हा अर्धा तास झाला होता. मी ओशाळलो.

वैशाली म्हणाली, "दादा, तुमचा हात जरासाही हालला नाई. असंच झोपत जा!"

*

शुक्रवारी नवीन बोर्ड बसवला. बंड्या आल्या, ट्रॅक्टर आले, वजनं चोख. संध्याकाळी काटा रिकामा झाला आणि डिस्प्लेवर हळूच बेचाळीस किलो उमटले. मग सतरा. मग एकशे नऊ. काट्यावर चिमणीसुद्धा नव्हती! चौकीदार हात जोडून म्हणाला, "मागच्या सालचा कापूस आला वजन कराले."

बंडूभाऊ हसले नाहीत. आम्ही वर्कशॉपात भरल्या काट्याचीच वजनं तपासली होती. रिकामा काटा कोण तपासतो? रिकाम्या काट्याचे सगळे शून्यच शून्य. तारेवर उडीच नाही, मग पलीकडचा मोजता मोजता भरकटला.

वैशालीने शनिवार-रविवार टेबल सोडलं नाही. पाच आकडे सारखे आले की मध्ये एक उलटा घालायचा, पलीकडच्याने तो मोजणी जुळवायला वापरायचा आणि टाकून द्यायचा. सोमवारी सकाळी वर्कशॉपातल्या डिस्प्लेवर शून्य आलं. बंडूभाऊ स्टूल घेऊन तासभर त्या शून्यासमोर बसले. शून्य हललं नाही. उठले आणि म्हणाले, "टेबल तुहा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

*

तिने टेबलावरूनच वडिलांना फोन लावला. हात बोर्डात होते, म्हणून स्पीकर चालू.

"बाबा, काटा जमला. पुण्याले नाई जात मी. अल्लीपूरले तुमच्यापाशी राहूनच येणं-जाणं करीन."

बंडूभाऊंनी फोन कट झाला का ते वाकून पाहिलं. नव्हता झाला.

बऱ्याच वेळाने होकार आला, "हव."

वैशालीने पेचकस उचलला आणि झाकणाचा पहिला स्क्रू बसवायला घेतला. फोनमधून पुन्हा आवाज आला,

"हव."

कोणी काही विचारलं नव्हतं, तरी पलीकडे ते आहेत एवढं कळलं. तिने दुसरा स्क्रू घेतला.

"हव."

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. चारही स्क्रू बसले, तरी फोन कोणी ठेवला नाही.