रिकाम्या फाइलीतली चौथी ओळ

रुग्णालयात त्यांना सगळे रेकॉर्डबाई म्हणायचे. तळघरातल्या नोंदणी विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली. खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चपला-बूट तेवढे दिसायचे. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे बाई त्या बुटांवरून ठरवायच्या.

वरच्या एखाद्या डॉक्टरांना जुन्या पेशंटांची माहिती हवी असली की खाली फोन यायचा. गुडघा बदललेले, मधुमेह असलेले आणि पुन्हा तपासणीला न फिरकलेले किती? बाई काळ्या पडद्यावर तो प्रश्न डेटाबेसच्या भाषेत टाइप करायच्या आणि क्षणात नावं हजर व्हायची. प्रश्न विचारायचा हा प्रोग्राम सुरू होताना आधी एक छोटी फाइल वाचायचा. कोणत्या सर्व्हरकडे जायचं, कुणाच्या नावानं आत शिरायचं, उत्तर कसं मांडायचं, हे सगळं त्या फाइलीत. ती बाईंनीच लिहिलेली. त्यात काही बिघडलं की प्रोग्राम तोंडच उघडायचा नाही, आणि मग बाईंवाचून विभागाचं पान हलायचं नाही.

सुरुवातीला त्यांना याचं अप्रूप वाटायचं. पुढे त्याचंच ओझं झालं. त्यांची आई दुसऱ्या गावात थोरल्या बहिणीकडे होती आणि हळूहळू माणसं विसरत चालली होती. रुग्णालयाच्या तिथल्या शाखेत बदली मिळावी म्हणून बाई दरवर्षी अर्ज करत आणि विभागाचे साहेब दरवर्षी तो मागे ठेवत. साहेब दुष्ट नव्हते, घाबरट होते. एकदा बाई रजेवर असताना प्रोग्राम बंद पडला होता आणि साहेबांनी भर बैठकीत बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून बाईंच्या रजेचा अर्ज दिसला की ते तो टेबलाच्या खणात सरकवून द्यायचे.

अखेर वरूनच बदलीचा हुकूम आला. बाईंच्या जागी एक मध्यमवयीन गृहस्थ रुजू झाले. पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'मास्तर' पडलं. चार्ज द्यायच्या दिवशी बाई सकाळी बॅग घेऊनच आल्या. दुपारची बस होती. आणि त्याच सकाळी विभागात नवा कॉम्प्युटर बसवून ठेवलेला होता.

बाईंनी आपली फाइल नव्या मशिनवर उतरवली आणि प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर एकच वाक्य उमटलं: सुरुवातीच्या फाइलीत चौथ्या ओळीत चूक, हे सेटिंग माहीत नाही. प्रोग्राम बंद.

"हे चालू झाल्याशिवाय मी तुम्हाला रिलीव्ह करू शकत नाही, बाई," साहेब दारातूनच म्हणाले. "तुम्हीच सांगा, कसं करणार?"

बाईंनी चौथी ओळ तपासली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पुन्हा टाइप केली, तरी तेच वाक्य. ओळ काढूनच टाकली, तरी तेच. वरून डॉक्टरांचे फोन सुरू झाले. त्यातच बहिणीचा आला.

"निघालीस का?"

"निघते गं, ताई. जरा अडकलेय."

"तू कायमचीच अडकलेली असतेस. आज सकाळी आईनं मला विचारलं, तुम्ही कुणाच्या म्हणून. तुझी पाळी यायच्या आत ये बाई."

बाईंनी फोन ठेवला. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. दार आपलं आपण लागायचं, तसं ते लागलं. रागाच्या भरात त्यांनी फाइलीतलं सगळंच पुसून टाकलं. एक अक्षर ठेवलं नाही. प्रोग्राम सुरू केला.

चौथ्या ओळीत चूक.

"अहो, पण आता ओळच नाहीये!" बाई जवळजवळ ओरडल्या.

मास्तर खुर्ची ओढून जवळ आले. "रिकाम्या फाइलीत चौथी ओळ येणार कुठून? म्हणजे हा दुसरीच कुठली तरी फाइल वाचून अडतोय. याला विचारता येतं का, बाबा रे, तू कुठली वाचतोस?"

येत होतं. बाईंना ते ठाऊक होतं, पण गडबडीत सुचलं नव्हतं. त्यांनी 'हेल्प' हा मदतीचा शब्द देऊन प्रोग्राम चालवला. सुरुवातीची फाइल तो कुठेकुठे शोधतो, त्या जागा क्रमानं पडद्यावर आल्या; तिथल्या सगळ्या फाइली तो एकामागून एक वाचायचा. सगळ्यात वरची जागा प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर. तिथे त्याच नावाची दुसरी फाइल बसलेली होती. मशिन बसवणाऱ्यानं जुन्या कॉम्प्युटरवरच्या त्या फोल्डरातलं सगळं सरसकट उचलून आणलं होतं, त्यात तीही आली. फाइल बाईंचीच, नव्यानं शिकत असताना लिहिलेली. तिच्या चौथ्या ओळीतलं सेटिंग नव्या मशिनवर बसवलेल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीनं केव्हाच मोडीत काढलेलं. जुना प्रोग्राम काणाडोळा करायचा, नवा तिथेच अडून बसला होता.

बाईंनी त्या ओळीपुढे खूण करून ती बाद केली. पुसलेलं पुन्हा लिहिलं. प्रोग्राम चालू झाला.

साहेब धावत खाली आले. आनंदानं त्यांचा चेहरा फुलला होता. "पाहिलंत? हे तुम्हालाच जमतं. बाई, मी वर बोलतो. तीन महिने थांबा फक्त. मास्तर जरा तयार होऊ देत."

बाई पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिल्या. यांच्यासाठी जितकं नीट करावं तितकी आपलीच बेडी घट्ट बसते, हे त्यांना इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. मग त्या उठल्या.

"मास्तर, जरा बाहेर जा. साहेब, तुम्ही थांबा."

मास्तर बाहेर गेल्यावर त्यांनी एका फाइलीत सर्व्हरचं नाव चुकीचं लिहिलं. कुठल्या, ते साहेबांनाही कळू दिलं नाही. "आता बोलवा त्यांना. मी तोंड उघडणार नाही."

मास्तर बसले. सर्व्हर सापडत नाही, असं पडद्यावर आलं. ते आधी भलतीकडेच गेले. उठून मागची केबल तपासली, परत येऊन दुसऱ्याच फोल्डरात शोधत बसले. बाईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पदरात गुंडाळून धरले.

"सांगा ना त्यांना," साहेब कुजबुजले.

"नाही सांगणार."

झरोक्यातली वर्दळ वाढली, ऑफिसं सुटायची वेळ झाली. दुपारची बस केव्हाच गेली होती. मास्तरांनी कपाळ पुसलं, मदतीचा शब्द टाइप केला आणि एकेक जागा उघडून पाहू लागले. चुकीचं नाव सापडलं. त्यांनी ते सुधारलं, प्रोग्राम चालू केला आणि डॉक्टरांचा तुंबलेला प्रश्न स्वतःच विचारून टाकला. नावं धडाधड खाली आली.

साहेबांनी बराच वेळ पेन हातात नुसतंच फिरवलं. मग बाईंना मोकळं करणाऱ्या कागदावर सही केली. "फोन केला तर उचलाल ना?"

"उचलीन. पण इथून नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या बहिणीकडे पोचल्या. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिनं बाईंना खालून वर निरखलं आणि एकदम तिच्या कपाळावर आठी आली.

"ही काय वेळ झाली यायची? ताटकळत बसले ना मी!"

बहिणीनं मागून हळूच सांगितलं, "मावशी समजतेय तुला."

मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. बाईंनी बॅग खाली ठेवली, आईच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं गं. सुटकाच होत नव्हती तिथून."

"बरं, हातपाय धू आधी," आई म्हणाली आणि पलंगावर सरकून तिनं जागा करून दिली.