वाढत्या अंगाची स्कूटर

पायाने ढकलत चालवायच्या स्टंट स्कूटरचं हँडल मुलीच्या कमरेपर्यंतच हवं, ते नंतर खाली-वर करता येत नाही, हे दुकानदाराने तिसऱ्यांदा सांगितलं. नवऱ्याचं आपलं एकच, "मोठीच द्या, वाढतं अंग आहे." आमची सात वर्षांची मीरा हनुवटीला टेकलेलं हँडल धरून निमूट उभी होती.

माझं डोकं फिरलं. गणवेश मोठा, बूट मोठे, रेनकोट मोठा. अंगाला बसेपर्यंत सगळं विटून जातं. मीही अशीच वाढले, बुटांत कापूस कोंबून. आजच्या मापाचं आम्हाला कधी काही मिळालंच नाही.

"तिच्या मापाचीच द्या," मी म्हणाले.

मीरा लहान स्कूटरवर चढली, जरा पुढे गेली आणि थांबून म्हणाली, "पण आई, ही मला लवकर लहान होईल ना?"