दुसऱ्या वर्षाला वर्ग नसतात

हरसूलकडची संध्या आमच्या इंदिरानगरच्या घरात वरच्या खोलीत राहून एम.टेक. करते. हातातलं काम ती अर्धवट सोडत नाही. पहिलं वर्ष संपलं आणि तिचे वडील मंगळू टेम्पो ठरवून तिला न्यायलाच आले. पुढच्या वर्षी वर्ग नाहीत, असं ती फोनवर बोलून गेली होती. शिक्षण संपलं, असं त्यांनी गृहीत धरलं.

"वर्ग नाय, मास्तर नाय, मग इथं काय करतेस? भाताच्या आवणीला माणसं मिळत नायत. चल."

"बाबा, अर्धी डिग्री बाकी आहे. पहिल्या वर्षी विषय शिकवले, परीक्षा झाल्या. आता वर्षभर सरांच्या हाताखाली एकच प्रकल्प. सिमेंटात तुसाची राख मिसळून ठोकळे करायचे, यंत्रात दाबून फोडायचे, मग प्रबंध लिहून परीक्षकांना उत्तरं द्यायची."

"एवढं शिकून फोडाफोडीच ना?"

आम्ही घरातले सगळे हसलो. संध्या हटली नाही.

"आपण राबात रोपं वाढवतो, मग उपटून खाचरात लावतो. नुसत्या राबावर भात घरी येतो का? माझा आत्ता राब झालाय."

मंगळूंनी विचारलं,

"आन् लावणार कोन? सर?"

"सर बांधावर. चिखलात मीच."

हे त्यांना पटलं. "मंग राहा. पन आपल्या आवणीला चार दिवस ये."

"येते."

"पाठ दुखली म्हनून रडायचं नाय."

"तुमच्या आधी ओळ संपवीन!"

टेम्पो रिकामा परत गेला. मंगळू पुढं बसून ड्रायव्हरला एम.टेक. समजावत होते.