शेजारच्या खाटेचा ग्लास

डब्याचं झाकण उघडलं, व्हॅनिलाचा वास आला आणि भिलईच्या इस्पितळातला तो वॉर्ड आठवला, फिनाईलने पुसलेली फरशी आणि कुरकुरणारा पंखा. बाबा पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले, आजारात पार वाळलेले. डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर दुधात कालवून पुढे केली की तोंड भिंतीकडे फिरवायचे. मी वेलची घातली, चिमूटभर कॉफी घातली, तरी तेच. "बिमाराचं खाणं हाय ते, मले नको." नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. शेजारच्या खाटेवर अहिवाऱ्याच्या खाणीत काम केलेले एक काका होते. त्यांना तीच पावडर होती आणि तेही घेत नव्हते. तेव्हा मला बाबांची प्लांटमधली जुनी रीत आठवली, बाजूच्याने कप उचलल्याशिवाय आपला चहा प्यायचा नाही. सिस्टरला विचारून मी दोघांचं दूध घरच्या स्टीलच्या ग्लासांत ओतलं आणि पहिला ग्लास काकांना दिला, दुसरा बाबांजवळ ठेवला. ते तो हातात धरून बसून राहिले. "कावून थांबले?" बाबांनी विचारलं. "आप उठाओ, तब पिऊँगा." त्यांना ताटकळत ठेवणं बाबांना जमेना. उठून बसले, ग्लास रिकामा केला आणि मिशी पुसत म्हणाले, "उद्या जरा गरम आणजो बेटा." मला त्यातलं फक्त 'उद्या' ऐकू आलं, ग्लास धुवायच्या निमित्ताने नळावर जाऊन मी मोकळेपणी रडले. आता हा डबा डॉक्टरांनी माझ्यासाठी लिहून दिलाय. मघाशीच शेजारणीला हाक मारलीये, तुझा चहा घेऊन इकडेच ये म्हणून.