बॉनेटवरचा हात

मामी गेल्याचा फोन मामानेच केला. भर वैशाखातली सकाळ होती, पुण्यात आमच्याकडे चहा अजून व्हायचा होता. "नलू गेली गं पहाटे... झोपेतच," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "मला एक सांग, गाडीतलं पाणी रोज बघायचं असतं की आठवड्यातून एकदा?" धक्क्याने माणूस काहीही बोलतो, तसंच हे असेल असं मला वाटलं. "रोज बघितलेलं बरं," असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. भोपाळपर्यंतच्या प्रवासात मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या माणसाला मी कधी बॉनेट उघडताना पाहिलं नव्हतं, त्याला बायको गेल्याच्या सकाळी हे का विचारावंसं वाटलं असेल?

कॉलेजची वर्षं मी भोपाळला मामा-मामींकडे काढली. मामा कारखान्यात इंजिनिअर, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्यात क्वार्टर, पुढे मेंदीचं कुंपण आणि कडुलिंबाखाली मामीची दुधी रंगाची गाडी. हो, मामीचीच. मामाने एकदा शिकायला म्हणून ती हातात घेतली आणि सरळ शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली. तेव्हापासून तो भोंगा झाला की सायकलला टांग मारायचा आणि गाडीच्या वाटेला जायचा नाही. टाउनशिपमध्ये तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बॉनेट उघडून त्यात डोकं घालणारी बहुधा हीच एक. पदर खोचून ती उभी राहिली की येणारेजाणारे थबकायचे. "भाभीजी, कुछ बिगड़ गया क्या?" कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणायची, "बिगड़ने से पहले देख रही हूँ."

होळी झाली की तिचं सुरू व्हायचं. घरोघरी कूलर धुवायला निघायचे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे, आणि मामी गाडी घेऊन सोनागिरीत अन्वरभाईंच्या गॅरेजला जायची. पंख्याच्या पट्ट्याला चीर गेलीय का, पाण्याचे रबरी पाइप दाबून पाहिल्यावर फुगल्यासारखे किंवा कडक लागतात का, रेडिएटरच्या जाळीत माती-किडे अडकलेत का, सगळं ती स्वतः हात लावून बघायची. अन्वरभाई वैतागून म्हणायचे, "आपको ये सब सीखके क्या करना है भाभीजी? हम हैं ना!" ती म्हणायची, "आप घाट में थोड़ी मिलोगे, अन्वरभाई." मी शेजारी स्टुलावर बसून ऐकत असे. घाटाचं काय मध्येच, असं एकदा मनात आलंही होतं, पण विचारायचं राहून गेलं.

तिचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत, कारण तिने ते शिकवले कमी आणि माझ्याकडून वदवून घेतले जास्त. पाणी बघायचं ते सकाळी, इंजिन गार असताना. तापलेल्या रेडिएटरचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही. टायरमधली हवाही सकाळीच तपासायची, आणि उन्हाळा आहे म्हणून मुद्दाम कमी करायची नाही. "लोकांना वाटतं, उन्हात फुगेल म्हणून आधीच कमी भरावी. अगं, कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त चेपतो, आणि चेपतो म्हणूनच जास्त तापतो!" हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे, जणू आपणच शोध लावलाय. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायची. काचा बोटभर खाली ठेवायच्या. अत्तराचा फवारा, लायटर असलं काही गाडीत सोडायचं नाही. दुपारी रस्त्यात गाडी मध्येच आचके देऊन बंद पडली की इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, कारण उन्हाने पेट्रोलची पार वाफ होते आणि इंजिनला मिळत नाही. त्यासाठी तिच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा डिकीत कायम असे.

आणि गाडी उभी केली की ती बॉनेटवर तळहात टेकवायची. चटका बसला तर काढायची, पुन्हा टेकवायची. हात आरामात राहू लागला की मगच घरात यायची. "काय ऐकतेस गं मामी?" मी चिडवायचे. "ऐकत नाही, थांबते," ती म्हणायची. याच्यापुढे काही नाही.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्या टाउनशिपला पाठ होती. ती वाळ्याच्या पडद्याची. भिशी असो, हळदीकुंकू असो, कुणीतरी आग्रह करायचंच आणि मामी रंगवून सांगायची. "मी म्हटलं, खिडकीला ओला वाळा बांधला की खोली गार होते ना, मग गाडीला का नाही होणार? बांधला पडदा गाडीच्या तोंडावर, मारलं बादलीभर पाणी, आणि निघाले ऐटीत! नर्मदा ओलांडेपर्यंत सगळा रस्ता वाळ्याच्या वासाने घमघमला. पुढे बैतूलच्या अलीकडच्या घाटात इंजिनातून ही वाफ! वाळा कधीच सुकला होता, आणि रेडिएटरला वारा म्हणून लागत नव्हता. भर मे महिन्यात गाडीच्या तोंडावर गोधडी बांधली होती मी!" बायका पोट धरून हसायच्या, मीही हसायचे. एक उन्हाळ्यातला धडा म्हणून ती गोष्ट झकासच होती. ती कुठे निघाली होती, हे मात्र आमच्यापैकी एकीलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर मामा-मामी भोपाळातच बाग सेवनियात राहायला गेले. दुधी गाडी गेली, तिच्या जागी छोटी करडी गाडी आली. तिला रेडिएटरच्या पाण्याऐवजी रंगीत कूलंट, समोर तापमानाचा काटा, पेट्रोलची वाफ होण्याची भीती नाही. ओल्या फडक्याचं काम संपलं, तरी ते डिकीत राहिलंच. बॉनेटवरचा हातही राहिला.

मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. अस्थी नर्मदेत सोडायच्या म्हणून दुसऱ्या दिवशी होशंगाबादला जायचं ठरलं. मी म्हटलं, "मामा, टॅक्सी सांगते, एवढ्या उन्हात कशाला आपली गाडी?" तो एकदम म्हणाला, "नाही. तिच्याच गाडीने जायचं. तू चालव. आणि गाडी वाटेत थांबता कामा नये." आवाज असा होता की मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्याने शर्टाची बाही वर केली. मनगटाच्या वर भाजल्याचा एक जुना, पांढरट डाग आहे. तो कारखान्यातला, असंच मी लहानपणापासून समजत होते.

"तो पडदा मी बांधला होता," मामा म्हणाला. "तिने नाही."

तिची आई नागपूरला दवाखान्यात होती. लगेच या, असा निरोप आला. सुट्ट्यांचे दिवस, रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून पहाटे गाडीनेच निघायचं ठरलं. आणि मामाच्या डोक्यात ही कल्पना आली. एवढाली यंत्रं थंड ठेवणारा माणूस मी, असा त्याचा तोरा. नलू म्हणाली होती, अहो, वारा कुठून लागणार? पण त्याने हसण्यावारी नेलं, आणि तिला भांडण्यात वेळ घालवायचा नव्हता. घाटात गाडी उकळली. उतावीळपणे मामाने टॉवेल धरून झाकण फिरवलं, हात भाजून घेतला आणि होतं नव्हतं ते पाणी उडवून दिलं. एका ट्रकवाल्याने पाण्याचा डबा दिला, पण बजावलं, "अभी मत डालना बहनजी, गरम इंजन में ठंडा पानी डालोगी तो फट जाएगा." मग ती बसली, एका हाताने मामाच्या हाताला ओला पदर बांधून आणि दुसरा हात बॉनेटवर ठेवून. कधी गार होतंय, कधी गार होतंय...

"पोचलो तेव्हा आई गेलेल्या होत्या. तासाभरापूर्वीच. घाटात त्याहून जास्त वेळ बसलो होतो आम्ही," मामा म्हणाला. "नलू मला एक शब्द बोलली नाही. भोपाळला आल्यावर एका हळदीकुंकवात तिने पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली, मी आतल्या खोलीत होतो. 'मी बांधला पडदा,' म्हणाली. मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. मग ती गोष्ट तिचीच झाली. पुढच्या होळीनंतर ती गॅरेजात जाऊन उभी राहिली."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं जिला मी हौस समजत होते, ती हौसच होती का, की दुसरं काही? रागावण्याऐवजी तिने जाणून घ्यायचं ठरवलं होतं, असं मला वाटतं. खरं काय ते विचारायला आता मामी नाही, आणि याची हळहळ मला जन्मभर राहील.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही बॉनेट उघडलं. मी दाखवत गेले, मामा बघत गेला. कूलंटच्या बाटलीवरची रेघ त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिली. टायर दाबले, जाळीवरून हात फिरवला, तिथे काही अडकलेलं नव्हतं. वाटेत तो खिडकीबाहेर न बघता त्या काट्याकडेच बघत होता. मांडीवर कलश, आणि नजर काट्यावर. ओबेदुल्लागंज गेलं, चढ गेले, काटा जागचा हलला नाही.

नर्मदेकाठी गाडी उभी केली. मला वाटलं तो लगेच पायऱ्यांकडे जाईल. पण कलश माझ्या हातात देऊन तो पुढे गेला आणि त्याने तळहात बॉनेटवर टेकवला. चटका बसला, काढला, पुन्हा टेकवला. बऱ्याच वेळाने हात तसाच ठेवून तो म्हणाला, "पोचलो नलू. कुठे थांबावं नाही लागलं."

मी पुण्याला परतले त्याला आता काही आठवडे झाले. गाडी विकून टाक, असं सगळ्यांनी त्याला सांगून पाहिलं. तो ती चालवत नाही, चालवणारही नाही. आठवड्यातून एकदा शेजारचा मुलगा कॉलनीला चक्कर मारून आणतो, बॅटरी उतरू नये म्हणून. पण रोज सकाळी ऊन चढायच्या आत मामा बॉनेट उघडतो, बाटलीवरची रेघ बघतो, आणि मला फोन करतो. मी काही विचारायच्या आधीच सांगतो, "भरलेलं आहे गं."