झोपेचं वर्ष

काकूंच्या परड्यातला हापूस पूर्वी एक वर्ष धरायचा आणि एक वर्ष झोपायचा. झोपेच्या वर्षी काकू त्याला शिडीसुद्धा टेकू द्यायच्या नाहीत. काका गेल्यावर त्यांनी बाग कराराने दिली. करारवाला दर पावसाळ्यात बुंध्याभोवती आळं खणून मोहोराचं औषध ओततो, तेही हात सैल सोडून. आता झाड दरवर्षी मोहोरतं.

परवा मी एक फांदी वाकवून पाहिली. पेरं आखडून एकमेकांवर चढली होती, नवी पालवी कुठेच नव्हती. झाड जगतं ते पालवीवर. मोहोर ते दुसऱ्यांसाठी काढतं. स्वतःसाठी आम्ही त्याला काही करूच दिलं नव्हतं.

"यंदा मोहोरात पान दिसत नाही," करारवाला खुशीत म्हणाला.

काकूंनी बुंध्यावर हात ठेवला. साल सुटून हातात आली.

"चला," त्या म्हणाल्या, "माझ्या सरणाची सोय झाली."