सोड्याच्या पाण्यातला बाजार

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात ऱ्हस्व-दीर्घ काही पक्कं झालं नाही. अक्षराचा दोष मात्र सगळा शाळेचा नाही. उजव्या हाताच्या बोटांना चिरा पडल्या आहेत, त्या थंडीत उघडतात आणि टाक नीट धरता येत नाही. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. बोटांचं कारण पुढे येईल.

माझे मालक फोटो काढायचे. दुकान नव्हतं. कॅमेरा पेटीत, तीन पायांचा लाकडी स्टँड खांद्यावर आणि काळं कापड गळ्यात, असे बुलढाण्याच्या रस्त्यांवरून फिरायचे. लग्न झालं तेव्हा हे मलकापूरला जीनमध्ये कामाला होते. कापसाच्या धुळीनं खोकला धरला, काम सुटलं. मग एका फिरत्या फोटोवाल्याचं सामान उचलता उचलता यांनी त्याची विद्या शिकून घेतली. तो म्हातारा गावाकडे निघाला तेव्हा कॅमेरा विकायला काढला, आणि घ्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

पैसे दिले ते बुलढाण्याच्या एका तसबीरवाल्यांनी. देवांच्या चित्रांना चौकट आणि काच बसवून विकायचं त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. बोली अशी झाली की पैसे फिटेपर्यंत आम्ही त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहायचं, दर महिन्याला थोडे थोडे द्यायचे, आणि यांनी काढलेल्या फोटोंना चौकटी त्यांच्याच दुकानातून घ्यायच्या. खोलीचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. मला सूनबाई म्हणायचे. मी त्यांना मामाजी म्हणायची, म्हणजे बोलावंच लागलं तर. एरवी मी दाराआडूनच मान हलवायची. त्यांची बायको सणाला पुरणाच्या पोळ्या झाकून आणून द्यायची. माणसं वाईट असती तर रागावता तरी आलं असतं.

खोलीला एकच खिडकी होती आणि ती बाजाराच्या रस्त्यावर उघडत होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी तिच्यावर तांबड्या कापडाचे दोन पदर ठोकले, वरून गोणपाट लावलं. फोटोच्या काचा अंधारात धुवाव्या लागतात. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. काचेच्या एका बाजूला मसाला असतो, धुऊन होण्याआधी त्याला उजेड लागला की सगळं जातं. हे सकाळी कचेरीकडे जायचे, तारखेला आलेली खेड्यातली माणसं तिथं हौसेनं फोटो काढून घेत, दुपारी काचा आणून द्यायचे आणि पुन्हा जायचे. मी लाल कंदिलापाशी बसून त्या औषधात धुवायची, मग त्यांवरून कागदावर फोटो उतरवायची. संध्याकाळच्या मोटारीनं गिऱ्हाईक परत जायचं, म्हणून काम थांबवता येत नव्हतं. दाराला आतून कडी लावायची. बाहेरून कोणी हाक मारली तरी उघडायचं नाही. कडी माझ्याच हाताखाली होती आणि ती मी काढू शकत नव्हते, असे दिवस गेले.

रस्त्यावरचं सगळं ऐकू यायचं. बांगडीवाल्याची हाक, टांग्याचे घुंगरू, मलकापूरच्या सर्व्हिस मोटारीचा भोंगा. दिसत मात्र काही नव्हतं.

यांना एक खोड होती. गिऱ्हाइकांचं झाल्यावर एखादी काच उरली, की ती हे रस्त्यावर खर्च करायचे. लिंबाखाली हजामत करणारा न्हावी, कचेरीच्या ओट्यावर अर्ज लिहिणारे, चाक निखळलेली गाडी आणि तिच्याभोवती जमलेली सल्ला देणारी माणसं, मोटारीच्या टपावर चढवलेली शेळी. कोणी मागितलं नाही, कोणी पैसे देणार नाही. एक काच म्हणजे किती दिवसांची मीठमिरची, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी रुसायची. मामाजीही हसून म्हणायचे, शेळीचा फोटो शेळी तर घेणार नाही.  हे काचा फळ्यांच्या खोक्यात ठेवून द्यायचे.

पुढे पुढे मीच त्यांची वाट पाहू लागले. दुपारचं काम संपलं की एकेक काच कंदिलासमोर धरून बसायची. काचेवर सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात, पांढरं धोतर काळं. कुंकवाच्या जागी काच कोरी राहते, म्हणून बाई सवाशीण की विधवा हे मी कपाळावरच्या त्या कोऱ्या ठिपक्यावरून ओळखायची. बाजार मला असा पाठ झाला. कोणतं दुकान कोणाच्या शेजारी, कोणाचा बैल मारका, कोणाची पगडी नेहमी एका बाजूला कललेली. न्हावी डावरा आहे असं मला पक्कं ठाऊक होतं. पुढे एकदा तो समोर दिसला तर उजव्या हातानं वस्तरा चालवत होता. मसाल्याला बोट लागू नये म्हणून मी काच नेहमी एकाच बाजूनं धरायची, आणि त्या बाजूनं डावं उजवं होतं. मला त्या दिवशी उगीच फसल्यासारखं झालं.

माझं माहेर घाटाखाली, रोहिणखेडच्या बाजूला. माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची शेती. आई धामणगाव बढ्याच्या बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसायची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, चार दिवस कोणी कामाला हात लावायला सांगत नाही. पण आखाजी म्हणजे ऐन लग्नसराई. यांना एका दिवशी दोन दोन लग्नं, आणि काचा धुवायला मी. दरवर्षी माझा भाऊ गाडी जुंपून घाट चढून न्यायला यायचा. जेवायचा, बैलांना पाणी दाखवायचा आणि एकटाच परत जायचा. अशा पाच आखाज्या गेल्या.

चौथ्या वर्षी तो जेवताना मला म्हणाला, "माय म्हणते, पोरगी फोटोवाल्याच्या घरी देली, अन् इतक्या वर्सात तिचा एक फोटो नाही आला. हाये का नाही थे तिथं?"

मी भाकरी वाढत राहिले. यांनी ते ऐकलं. पुढच्याच बाजाराला हे धामणगावला गेले आणि संध्याकाळी एक काच माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले. मी धुवू लागले तशी औषधात आई वर आली. वांग्यांचा ढीग, हातात तागडी, मान खाली. कॅमेऱ्याकडे पाहायला ती लाजली असणार. ती काच मी खोक्यात ठेवली नाही. ज्वारीच्या कणगीमागे ठेवली.

मग लढाई सुरू झाली आणि विलायती माल यायचा बंद झाला. फोटोच्या काचा मिळेनात, मिळाल्या तर भाव हात लावू देईना. यांची कमाई घटली, महिन्याचे पैसे थांबले. तिकडे मामाजींच्या दुकानात चौकटीची काचही येईना. देवांची चित्रं नुसत्या पुठ्ठ्यावर उभी. मामाजी एकदा दाराशी येऊन म्हणाले, देवावर धूळ बसून राह्यली, पाहवत नाही. पैशाचं त्यांनी काढलं नाही. ते काढत नसत, हेच तर जड होतं.

त्याच हिवाळ्यात भाऊ निरोप घेऊन आला. आईच्या डोळ्यांत पडदा आला होता. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसरा मंद झाला होता. तिनं सांगून पाठवलं होतं की या आखाजीला आली तर तुझं तोंड दिसेल, पुढच्या आखाजीचं काही सांगता येत नाही.

भाऊ गेल्यावर हे बराच वेळ खोक्यांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "धुवून टाक वं सगळं. साफ काच मामा घेतील. छोट्या तसबिरीले बरोबर बसते."

"हे सगळं?" मी विचारलं.

"त्याईले कोण इचारते? गिऱ्हाईक हाये का कोणी?"

खरंच होतं. मामाजींशी दर ठरला. जितक्या साफ काचा, तितके पैसे वहीत वळते. यांनी इतक्या सहज सांगितलं म्हणून मला वाटलं यांना काही वाटत नाही. पण हे पुढे कधीच मी काचा धूत असताना खोलीत थांबले नाहीत. मला मात्र रडू येत होतं, आणि कोणाला सांगणार, की ज्या काचांवरून मी पाच वर्षं यांच्याशी भांडले त्याच आता द्यायला मला नको वाटतात. सुटायचं तर त्या जायला हव्यात. त्या गेल्या की मला बाहेरचं काही दिसणार नाही.

धुण्याचा सोडा पाण्यात उकळायचा, त्यात काचा सोडायच्या. थोड्या वेळानं मसाला दुधाच्या सायीसारखा सुटून वर येतो. त्या सायीवर माणसं असायची. न्हावी, अर्ज लिहिणारे, शेळी. हात घातला की चुरगळून जायची. राहिलेलं वस्तऱ्याच्या पात्यानं खरवडायचं. पाणी कोमट होऊ दिलं तर मसाला चिकटून बसतो, म्हणून हात कढत पाण्यातच. बोटं तेव्हाची फाटली ती आजवर नीट झाली नाहीत. दिवाळीनंतर सुरू केलं ते चैत्रापर्यंत चाललं. पुढे दुकानात देवांवर काचा चढू लागल्या. मामाजींची बायको म्हणाली, सूनबाईच्या हातची काच इतकी निर्मळ, की काच आहे हे कळत नाही.

मी सहा काचा लपवल्या होत्या, कणगीमागे, आईच्या काचेजवळ. म्हणजे तिच्यासकट सहा. बाकीच्यांत एक होती मोटारीच्या अड्ड्यावरच्या एका बाईची. कोण होती ठाऊक नाही. डोक्यावर गाठोडं, पदर वाऱ्यानं उडालेला, आणि ती तोंड उघडून हसते आहे, भर रस्त्यात, कोणाची पर्वा न करता. कपाळावर कोरा ठिपका नाही, म्हणजे विधवा. मी तिच्याकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं असेन.

आखाजीच्या दोन दिवस आधी भाऊ गाडी घेऊन आला. त्याच दुपारी हे शेवटची टोपली घेऊन दुकानात गेले. मी दाराआड उभी होते. मामाजींनी काचा मोजल्या, वही पाहिली, आणि पाच काचांचे पैसे कमी निघाले. त्यांनी वही मिटली.

"राह्यलं थे राहू दे," ते म्हणाले. "पाच काचाईसाठी का कोणी हिशोब करते? तुम्ही घरचेच हा. सूनबाई जाऊन येईन, मंग पाहू."

यांनी हात जोडले. यांचा चेहरा उजळला होता. मला मात्र खोलीची कडी पुन्हा लागल्यासारखी वाटली. घरचेच. मंग पाहू. जाऊन येईन. भाडं नाही, मागणं नाही, पोळ्या झाकून येतात, आणि आता पाच काचा माफ. या पाच काचांवर मी जन्मभर त्या खोलीत बसले असते आणि कोणी मला वाईट वागवलंय असं म्हणताही आलं नसतं.

मी दारातून पुढे आले. तोवर मी कधी दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं.

"नाही मामाजी. पुरे घ्या," मी म्हणाले.

हे माझ्याकडे पाहत राहिले. मामाजीही. मग ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते, "माझं देणं तुले टोचते का, सूनबाई?"

"हाव," मी म्हणाले.

मी परत येऊन चूल पेटवली. भाऊ अंगणात बैलांजवळ बसला होता, त्याला थांब म्हटलं. कणगीमागच्या काचा काढल्या. पाच हव्या होत्या, सहा होत्या. आईला तर मी उद्या बघणारच होते, म्हणून तिची काच पहिली सोडली. तिचं तोंड सायीवर आलं तेव्हा पाहिलं नाही. त्या हसणाऱ्या बाईला पुन्हा कुठं बघणार, म्हणून ती बाजूला ठेवली, पदराखाली. पण घाई झाली होती आणि सोडा फार कढला होता. चौथी काच पाण्यात पडताच तडकली. तडकलेली काच देवाला चालत नाही.

पदराखालून ती काढली. कंदील लावला नव्हता, दार उघडंच होतं, म्हणून तिला पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात धरलं. मग पाण्यात सोडली. ती लवकर सुटली.

ओल्या हातांनी पाच काचा घेऊन मी स्वतः दुकानात गेले. मामाजींनी एकेक काच दाराच्या उजेडाला धरली, कुठं खरचटलं आहे का पाहिलं, पाचवीवर बोट फिरवलं.  मग वही उघडली, आमच्या नावावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवून धरली, मला वाचता येतं हे त्यांना ठाऊक होतं.

"फिटलं," ते म्हणाले. "पाहून घे."

मी पाहून घेतलं. सगळं फिटलं होतं.